गुणपत्रिकेला किती विचारायचे?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी ठरलेला हिशेब मांडला जातो: नव्वदच्या वर सायन्स, त्याखाली कॉमर्स आणि उरलेल्यांना आर्ट्स. विज्ञानात गुण आहेत तर डॉक्टर, गणितात आहेत तर इंजिनीअर. हे गुण नेमके कशाचे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाचे प्रत्येकी ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. ज्या दुसऱ्या भागाच्या जोरावर ‘हिची बायोलॉजी पक्की आहे’ असे म्हटले जाते, त्या पुस्तकात आनुवंशिकता आणि पेशीविज्ञानाबरोबर हरित ऊर्जा आणि आपत्ती व्यवस्थापनाचेही धडे आहेत. शिवाय ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतो. म्हणजे ज्या आकड्यावर शाखा ठरते, त्यात मुलाचा कच्चा विषय धरलेलाच नसतो.

गुण अगदी चोख मानले तरी अडचण उरतेच. शाळेतला विषय आणि त्यातून निघणारे काम यांत बरेच अंतर असते. इतिहासाच्या पेपरात कारणे लिहिता येणे वेगळे आणि मराठेशाहीच्या संशोधनासाठी मोडी लिपीतले दप्तर उलगडत बसणे वेगळे. शाळेत उदाहरणे झटपट सोडवणाऱ्याला गणिताच्या पदवीला सिद्धता मांडाव्या लागतात. डॉक्टरकीत पाठांतराइतकीच रात्रपाळी असते, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगणेही असते. याची परीक्षा कोणत्याच पेपरात होत नाही. उलट बाजूनेही फसगत होते. गणित नको म्हणून आर्ट्सला गेलेल्याला मानसशास्त्रात संख्याशास्त्र भेटते आणि अर्थशास्त्रात पुढे कलनही. खरे तर आपल्या मंडळाच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर ‘कला व विज्ञान’ असे स्पष्ट छापलेले असते. पण आर्ट्स म्हणजे गणितातून सुटका, हा समज त्या छापील अक्षरांहून बलवान ठरतो.

यावर कोणी म्हणेल, पंधरा वर्षांच्या मुलाजवळ गुणांखेरीज दुसरा पुरावा तरी कोणता? आक्षेप रास्त आहे. गुण पुरावा आहेतच, पण ते मुलाच्या कुवतीइतकेच शिक्षकांबद्दल, शिकवणीबद्दल आणि घरच्या परिस्थितीबद्दलही बोलतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सायन्स घेतले की पुढे कोणत्याही शाखेकडे वळता येते, उलटा प्रवास अवघड; हातावर पोट असलेल्या घराने प्रयोग का करावेत? ही काळजी खोटी नाही. मात्र या सावधगिरीलाही किंमत असते. क्लासची फी, प्रवेश परीक्षेची दोन वर्षे आणि नावडत्या विषयांत खचलेला आत्मविश्वास हे सारे तिच्याच खात्यावर पडते. शिवाय विधी, सनदी लेखापाल, स्पर्धा परीक्षा, एनडीएतून लष्कर या वाटा कोणत्याही शाखेतून खुल्या आहेत. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून घेणाऱ्यांनाही ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली. दारे आपण समजतो तितकी घट्ट बंद नाहीत.

प्रश्न शेवटी जबाबदारीचा आहे. ‘मार्कांनीच ठरवले’ असे म्हटले की निर्णय कोणाचाच राहत नाही. उद्या मूल त्या वाटेवर अडखळले, तर दोष तेवढा त्याच्या वाट्याला येतो. म्हणून मोठ्यांनी आपले कारण उघड सांगावे. पैशाची काळजी असेल तर पैशाची म्हणावे, प्रतिष्ठेची हौस असेल तर तीही कबूल करावी. मुलाने निवडलेल्या पदवीचा शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचावा आणि ते काम करणाऱ्याचा एखादा साधा दिवस पाहावा. याला फी लागत नाही. एवढे करूनही निवड चुकू शकते. पण कारणे माहीत असलेली चूक दुरुस्त करता येते, आणि ती करायला मुलाला एकट्याला सोडायचे नाही, एवढे तरी पालकांच्या हातात असते.