खानावळीची वही

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत कामगारांना डबे पोचवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडं लाल पुठ्ठ्याची उधारीची वही असते, वरून खालपर्यंत हळदीचे डाग पडलेली. आजूबाजूच्या फौंड्र्यांत आणि मशिनशॉपमध्ये राबणारी निम्मीअधिक पोरं या वहीवर जेवतात.

बाईंची भाची अस्मिता. मशिनिस्टचा दोन वर्षांचा आयटीआय करून बाहेर पडली आणि सगळे करतात तेच तिनं केलं. बायोडाटाच्या झेरॉक्स काढल्या, प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातल्या आणि गेटागेटावर वॉचमनच्या हातात देत फिरली. वॉचमन कागद घेतो आणि टेबलाच्या खणात टाकतो. त्या खणाचं पुढं काय होतं, हे बिचाऱ्या वॉचमनलाही कुणी सांगितलेलं नसतं.

एका कारखान्यानं मात्र तिथल्या तिथं ‘उद्यापासून या’ म्हटलं. समोर काचेची इमारत, गेटवर भलामोठा बोर्ड : ‘पाहिजेत – ऑपरेटर, हेल्पर, इन्स्पेक्टर.’ अस्मिता पेढे घेऊनच घरी आली.

आत्तीनं पेढा हातात धरला, तोंडात टाकला नाही. “तो बोर्ड कापडी हाय का रंगवलेला?”

“रंगवलेला. का गं?”

“ऑइलपेंटनं रंगवलाय म्हंजे कायमचाच लावलाय. बस हितं.”

वही भाचीच्या हातात न देता ती स्वतःच पानं उलटत वाचू लागली. त्या कारखान्यात डबे जायचे तेवढेच, पण जेवणारी माणसं दर दोन-तीन महिन्यांनी नवी. उधारी चुकती व्हायची ती कधी १८ तारखेला, कधी २२ला, दिवाळीच्या तोंडावर तर पार पुढच्या महिन्यात. “पोरं बुडवी न्हाईत. पगार हातात पडला की आधी माझं देत्यात, दुसऱ्या दिवशी जेवायचं असतंय न्हवं? त्यांनी २२ला दिलं म्हंजे पगारच २१ला झालेला.” महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा असा कायदा आहे, हे अस्मिताला आयटीआयच्या पुस्तकातून ठाऊक होतं. तो पाळला जातो की नाही, हे खानावळीत कळतं हे मात्र नवीन होतं.

डब्यांचंही तसंच. तिथले डबे चार वाजता परत यायचे, तेही निम्मा भात तसाच ठेवून. जेवणाची सुट्टी कागदावर अर्ध्या तासाची असली तरी मशिन थांबवू देत नसत.

मग आत्तीनं दुसरं पान काढलं. मागच्या गल्लीतलं पत्र्याच्या शेडचं एक मशिनशॉप, पस्तीसेक माणसं. नावाची पाटी गंजलेली, गेटवर कसलाच बोर्ड नाही. पण वहीतली माणसं वर्षानुवर्षं तीच, उधारी ८ तारखेच्या आत साफ, आणि डबे दीडच्या ठोक्याला घासूनपुसून परत. नोकरी शोधणाऱ्यानं कंपनीची वेबसाइट जरूर बघावी, पण तिथं हसणारी माणसं बहुधा फोटोग्राफरनं आणलेली असतात. उधारीच्या वहीला तसलं सोंग जमत नाही.

अस्मितानं काचेच्या इमारतीला नकार कळवला. घरात दोन दिवस अबोला झाला, कारण बापाच्या मते हातची नोकरी सोडणं म्हणजे माज. ती मात्र आत्तीबरोबर डबे घेऊन निघाली. पत्र्याच्या शेडबाहेर लिंबाच्या झाडाखाली पोरं जेवायला बसत. त्यांच्यात बसून ती हळूहळू विचारू लागली. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळतो का? पीएफ नुसता कापतात की भरतातही? एका हेल्परनं मोबाइलवर पासबुकच उघडून दाखवलं : त्याच्या पगारातला हिस्सा आणि मालकाचा हिस्सा, महिन्यामागून महिने, एकही फट नाही. कापलेला पीएफ खात्यावर न पडण्याचे किस्से त्या झाडाखालच्या प्रत्येकाकडं आधीच्या नोकरीतले होते.

“पण हितं जागा न्हाई बघ,” शिवामामा म्हणाले. ते तिथले जुने ऑपरेटर. “मालक चार वर्षांत एकच माणूस घेतलाय, तोबी म्हातारबा रिटायर झाले म्हणून.”

चांगल्या मालकाची हीच पंचाईत. त्याच्याकडून माणसं जात नाहीत, म्हणून जागाही निघत नाही, आणि जाहिरात करायचा तर प्रश्नच येत नाही.

त्याच झाडाखाली एक तक्रार रोज निघायची. टर्निंग झालेले बिडाचे हब मशिनवर मोजले की मापात. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडून फोन, बोअर लहान आहे, गो गेज आत जात नाही. मग माल परत, पुन्हा मशिनवर, टेम्पोचं भाडं अंगावर. पोरं गेजला शिव्या देत, गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरलाही देत.

अस्मिताला आयटीआयमधले सर आठवले. बीड बहुतेक वेळा कूलंटशिवाय, कोरडंच कापतात. कापताना ते तापतं, तापलं की भोकही मोठं होतं. १०० मिलिमीटरचा बोअर खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर साधारण २० मायक्रॉननं जास्त भरतो, आणि बेअरिंगच्या बोअरला अख्खी मुभाच तीस-पस्तीस मायक्रॉनची. ऑपरेटर गरम नग मोजून ‘ओके’ म्हणतो, रात्रीत तो निवतो आणि आकसतो.

तिनं शिवामामांना एवढंच सांगितलं, “पाच नग घ्या. मशिनवरून काढल्या काढल्या मोजा, तेच दोन तासांनी मोजा. दोन्ही आकडे लिहा.”

मामांनी सिगारेटच्या पाकिटाच्या मागं आकडे लिहून आणले. पाचही नगांत दुसरा आकडा लहान.

तिनं ते स्वच्छ कागदावर उतरवलं आणि या वेळी वॉचमनकडं न देता शिवामामांबरोबर थेट मालकांच्या टेबलापाशी गेली. बायोडाटा फोल्डरातच राहिला.

मालकांनी कागद वाचला, चष्मा काढला. “माझ्या शॉपातले आकडे बाहेरच्या पोरीकडं कसे?”

शिवामामा पुढं झाले. “मीच दिलोय, मालक.”

हा क्षण अस्मिताच्या लक्षात राहिला. मालक पेटले असते तर ती तिथूनच परत फिरली असती, वहीत काहीही लिहिलेलं असो. मालक म्हणाले, “मग मला का न्हाई सांगितलास?”

“गरम मोजतोय हे माझ्यातरी कुठं डोस्क्यात आलं होतं?”

मालक हसले. नग निवू द्यायला मांडणी करायची, निवलेल्या नगावरच तपासणी करायची, आणि माल निघताना अहवाल लिहायचा. यासाठी एक माणूस लागणार हे त्यांच्या तोंडूनच निघालं. “आठवडाभर फुकट काम करून दाखव,” असंही निघालं.

अस्मिताला आत्तीनं आधीच बजावलं होतं. “एक दिवस दाखवीन,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवसापासून हजेरी लावा.” मग तिनं झाडाखाली विचारलेलेच प्रश्न टेबलापाशी विचारले : पगाराची तारीख, ओव्हरटाइमचा दर, पीएफ पहिल्या महिन्यापासून का. आणि एक जास्तीचा, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का. पहिल्या तिन्हींची उत्तरं मालकांनी धडाधड दिली. चौथ्याला ते खिडकीबाहेर बघू लागले. “नाही. बांधावं लागंल.”

“मग ते झालं की येते.”

तीन आठवडे लागले. बापानं त्या तीन आठवड्यांत काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ती रुजू झाल्यावर महिन्याभरानं मालक स्वतः खानावळीत जेवायला आले. झुणका-भाकरी झाली, हात धुतले, आणि सहज आल्यासारखं म्हणाले, “ऐकलंय, वहीत आमच्या शॉपचंबी पान हाय. बघू तरी काय लिहिलाय.”

आत्तीनं वही मांडीखाली सरकवली. “ती पोरांची उधारी हाय, मालक. तुम्हाला कशी दाखवू?”

“बरं, शेजारच्यांचं तरी सांगा की. त्यांचा पगार कधी होतोय?”

“उद्या त्यांनी येऊन तुमचं विचारलं, तर सांगू?”

मालकांनी खिशातून पाकीट काढलं. “थाळीचं किती झालं?”

“ऐंशी. तुम्हाला उधारी चालंल की.”

“नको,” मालक म्हणाले, आणि रोख दिले.