शेजारची चूल





आषाढीच्या वाटेवर चालणारा वारकरी उपाशी निजत नाही, हा तुम्हा-आम्हां सर्वांचा अनुभव आहे. पालखी गावात शिरण्याआधीच गावकरी वाटेवर येऊन उभे राहतात. कोणी पिठले-भाकरी वाढतो, कोणी केळी हातावर ठेवतो, कोणी पाय चेपायला बसतो. घेणाऱ्याला लाज नाही, देणाऱ्याला ताठा नाही. दोघेही एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. देणारा आणि घेणारा दोघेही वाकतात, असे हे दान आहे.

पण बरं का, वारी करून आपण घरी येतो, टाळ खुंटीला लावतो, आणि शेजारच्या घरात दोन दिवस फोडणीचा वास का आला नाही, हे आपल्या ध्यानातही येत नाही. वाटेवरच्या अनोळखी माणसाला वाढणारा हात भिंतीपलीकडच्या घरापर्यंत का पोचू नये? आजच्या निरूपणाचा विषय एवढाच.

कोणी म्हणेल, “महाराज, आता कुठला दुष्काळ? रेशनवर धान्य फुकट मिळते.” खरे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य विनामूल्य मिळते. हा आधार लहान नाही. पण प्रपंच का नुसत्या गहू-तांदळावर चालतो? गहू दळायला गिरणीत पैसे मोजावे लागतात. तेल-मीठ लागते, गॅसची टाकी लागते. खोलीचे भाडे, विजेचे बिल, पोरांच्या वह्या, म्हातारीच्या गोळ्या यांपैकी रेशनच्या पोत्यात काय येते? २०२० साली पायी वारी झाली नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. रोजंदारीवर चालणारे घर किती थोड्या दिवसांत रिकामे होते, ते त्या वर्षी आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. एरवीही घरचा कर्ता पंधरा दिवस अंथरुणाला खिळला की पुरे. दुकानदाराच्या वहीत उधारी चढत जाते. मग त्या घरची बाई दुकान टाळून आडवाटेने जाते. पुढे देवळातही यायची बंद होते, कारण आरतीच्या ताटात टाकायला रुपया नसतो. आपण म्हणतो, हिची भक्ती आटली. अहो, भक्ती नाही आटली, घरातले तेल आटले!

अशा वेळी काय करावे, हे आपल्या संतचरित्रांनी आधीच दाखवून ठेवले आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवा. पंधराव्या शतकातल्या त्या दुष्काळात बेदरच्या बादशहाच्या या अंमलदाराने सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. शिक्षा ठरलेलीच होती. पण परंपरा सांगते, पांडुरंग स्वतः विठू महार झाला, बेदरच्या दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून आला. आता विचार करा. वैकुंठीचा राणा सिंहासनावर बसून, चार माणसांदेखत ती रक्कम देऊ शकला नसता का? पण त्याने गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाचे रूप घेतले, पावती दामाजींच्या नावे करून घेतली आणि तो निघून गेला. पैसे देवाचे, नाव दामाजींचे! आणि आपण? दोन किलो साखर देतो नि घेणाऱ्याला मध्ये उभे करून फोटो काढतो. त्या घरची पोर उद्या शाळेत जाते, आणि तो फोटो तिच्या आधी वर्गात पोचलेला असतो.

दुसरे उदाहरण तुकोबांचे. त्यांचे घर वाण्याचे. दुकानही होते आणि सावकारीही होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला. पुढे धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी कर्जखतांची वाटणी झाली आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. दामाजींनी धान्य दिले, तुकोबांनी देणेकऱ्याच्या मानेवरचे जू उतरवले. आज शिधा पोचवणारे पुष्कळ आहेत, पण उधारीची वही कोरी करणारा क्वचित भेटतो.

तेव्हा गावोगावच्या भजनी मंडळांना माझी विनंती आहे. आपल्या आयाबाया दळायला बसताना देवाच्या नावाने मूठभर धान्य बाजूला काढीत. तीच मूठ आता पैशाची करा. वीस घरांनी रोज पाच रुपये डब्यात टाकले तर महिन्याचे तीन हजार होतात. तेवढ्यात एखाद्या घराची गॅसची टाकी, विजेचे बिल आणि दुकानाची थोडी उधारी भागते. वर्गणी कायम गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत रीतसर नोंदणी करा. जमाखर्च दर एकादशीला सर्वांपुढे वाचा. किती आले, किती गेले, सगळे सांगा; फक्त कोणाच्या घरी गेले ते वाचू नका. ते दोघा-तिघा विश्वासू माणसांना ठाऊक असले म्हणजे झाले, आणि त्यांत एक तरी बाई असावी, कारण चुलीचे दुःख बाई बाईलाच सांगते. मदत मागायला कोणी देवळाच्या पायऱ्या चढेल, याची वाट पाहू नका. आपणच जा. सकाळी नको, तिन्हीसांजेला जा. दुकानदाराला गाठा आणि खाते परस्पर मिटवा.

यावर नेहमीचा एक प्रश्न येतो: “त्या घरचा माणूस दारू पितो. त्याला कशाला द्यायचे?” प्रश्न खोटा नाही. कष्टाचा पैसा गुत्त्यात जावा असे कोणालाच वाटत नाही. त्याच्या हाती रोख देऊ नका. दुकानदाराला द्या, औषधवाल्याला द्या, शाळेची वह्या-पुस्तके आणून द्या. पण बापाच्या पापाची शिक्षा लेकराच्या ताटाला देऊ नका. आपण गळ्यात माळ घातली, तेव्हा पांडुरंगाने आपली लायकी तपासली होती का? तपासली असती तर आपल्यापैकी कितीजण पास झालो असतो?

गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या, पण त्यांच्या जवळ शेवटपर्यंत फुटके गाडगे आणि खराटा एवढेच राहिले. १९५६ साली ते गेले. कोणी पाया पडायला आला तर ते दूर सरत. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर उभे राहिले, पण देणारा मी, ही भावना त्यांनी स्वतःला शिवू दिली नाही.

म्हणून सज्जनहो, कळस चढवा, सप्ताह करा, त्यांना माझा विरोध नाही. पण सप्ताहाच्या पंगतीचा खर्च ठरवताना एक ओळ जास्तीची लिहा: शेजारच्या चुलीसाठी. पुढल्या आषाढीला वाटेवर कोणी तुम्हाला भाकरी वाढील, तेव्हा ती हातात घेऊन मनाशी एवढेच विचारा: माझ्या गल्लीत आज कोणाची चूल पेटली नाही? उत्तर ठाऊक नसेल, तर घरी गेल्यावर पहिली वारी त्या दारापर्यंतची करा. मध्ये नदी नाही, घाट नाही. एक भिंत तेवढी आहे. आणि तिथे गेल्यावर, वाटेवर वाकता तसेच त्या उंबऱ्यावर वाका. विटेवरचा जो आहे, तो त्या घरातही उभाच आहे.

पुंडलीक वरदे हारि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!