विजयाचे धनी आणि दोषाचे वाटेकरी

यवतमाळचे आकाश चिकटे भारतीय हॉकी संघाचे गोलरक्षक होते. 2016 च्या आशियाई चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत, मलेशियातील क्वांतान येथे, गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांनी उपांत्य सामन्यात कोरियाविरुद्धचा शूटआउट जिंकून दिला; मात्र दुखापतीमुळे अंतिम सामन्याला ते मुकले. 30 ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पाकिस्तानविरुद्ध चिकटे गोलात उभे राहिले आणि भारताने सामना 3-2 असा जिंकला. अशा विजयानंतर खेळाडूचे गाव, त्याचे मंडळ आणि सारा देश ‘आपण जिंकलो’ असे म्हणतो. मैदानात पाऊलही न टाकलेल्या माणसांना हे म्हणण्याचा अधिकार कोठून मिळतो, हा वरवर साधा दिसणारा प्रश्न मुळात कर्म आणि कर्तृत्व यांचा प्रश्न आहे.

याची दोन सोपी उत्तरे दिली जातात. एकानुसार विजय फक्त खेळणाऱ्यांचा असतो, बाकीच्यांचा नुसता उत्साह. दुसऱ्यानुसार खेळाडू हे निमित्त, खरा जिंकतो तो देश. पहिले उत्तर खेळाडू कसा घडतो याकडे पाहत नाही. दुसरे तर अधिकच अन्यायाचे आहे, कारण घाम गाळणाऱ्या माणसालाच ते हिशेबातून वगळते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला खरे दिसत नाही, असेही गीता लगेच पुढे सांगते. ज्ञानेश्वरीत या पाच कारणांचे विवेचन विस्ताराने आले आहे. मात्र या यादीतून कर्त्याला वगळलेले नाही. तो पाचांपैकी एक आहे. एकटा नाही, पण आहेच.

हे तत्त्व खेळात डोळ्यांना दिसते. 6 डिसेंबर 2017 रोजी भुवनेश्वरमध्ये जागतिक हॉकी लीगच्या अंतिम फेरीत भारताची उपांत्यपूर्व लढत ऑलिंपिक उपविजेत्या बेल्जियमशी होती. सामना 3-3 असा बरोबरीत सुटला. हॉकीच्या शूटआउटमध्ये चेंडू 23 मीटरच्या रेषेवर ठेवतात आणि खेळाडूला गोल करण्यासाठी आठ सेकंद मिळतात. लेगगार्ड, किकर, हेल्मेट असा सारा जामानिमा अंगावर घेऊन गोलरक्षकाला पुढे धाव घ्यायची, कोन लहान करायचा आणि समोरच्याने फसवले तरी तोल सांभाळायचा असतो. सडन डेथमध्ये हरमनप्रीतसिंग यांनी गोल केला, मग चिकटे यांनी आर्थर व्हॅन डोरेन यांना रोखले आणि भारत शूटआउटमध्ये 3-2 ने जिंकला. त्या आठ सेकंदांत चिकटे एकटे होते, यात शंका नाही. पण हरमनप्रीत यांचा गोल झाला नसता तर तो बचाव निर्णायक ठरला नसता. आणि क्वांतानला अंतिम सामन्याची संधी आली ती दुसऱ्याच्या दुखापतीतून. तिला गीतेच्या यादीतला पाचवा शब्दच लागू पडतो.

स्थानिक संस्थेचा वाटा कोठे येतो, हे विदर्भातल्याच दोन उदाहरणांतून स्पष्ट होते. यवतमाळच्या शेजारी, अमरावतीत, अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. देश तेव्हा परतंत्र होता. देशाच्या नावाने खेळाडू पाठवील असे स्वतःचे राज्य नव्हते. होते ते एका आखाड्यातले बलोपासनेचे व्रत. प्रतिनिधित्वाला राज्यसत्तेची सनद नेहमीच लागते असे नाही, हे या मंडळाने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण फुटबॉलचे आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देऊन ‘स्लम सॉकर’ सुरू केले. ‘झुंड’ हा 2022 चा चित्रपट याच कामावर बेतलेला आहे. या संस्थेतून घडलेले अखिलेश पॉल 2010 मध्ये रिओ येथील होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचे कर्णधार होते. ज्या वस्तीला शहराने कडेला ढकलले, तिथला मुलगा त्याच शहराच्या देशाचे नाव छातीवर घेऊन उभा राहिला. ‘आपण’ म्हणण्याचा हक्क इथे उलटा तपासावा लागतो: त्या मुलाला आधी आपला म्हटले होते का? होमलेस वर्ल्ड कपमध्ये खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येते, मग जागा पुढच्यासाठी मोकळी होते. देशाच्या वतीने उभे राहणे ही कोणाची मालमत्ता नव्हे, ही समज इतक्या स्वच्छपणे मांडणारा नियम मोठ्या स्पर्धांत आढळत नाही.

वाटेकरी असण्याची खरी कसोटी मात्र दोषाच्या वेळी लागते. 2018 मध्ये उत्तेजक द्रव्य चाचणीच्या प्रकरणात चिकटे यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेनुसार शरीरात जे सापडते त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो. हेतू असो वा नसो, नियमभंग ठरतोच. विजयात पाच कारणे मोजायची आणि दोषात एकच, हे तर्काला धरून नाही. ज्या गावाने जल्लोषात ‘आपला’ म्हटले, त्याने बंदीच्या काळातही तेच म्हटले पाहिजे. एरवी पहिल्या वेळचा ‘आपण’ ही निव्वळ उसनवारी ठरते.

याचा अर्थ खेळाडूची जबाबदारी पुसली जाते असा नाही. गीतेत सारे सांगून झाल्यावर, या सगळ्याचा विचार कर आणि तुला वाटेल ते कर, असे म्हणून कृष्ण निर्णय अर्जुनावरच सोपवतो. कारणे अनेक असली तरी निवड ज्याची त्याने करायची असते, आणि तिचा जाबही त्यानेच द्यायचा असतो. इतरांचा वाटा मात्र त्यामुळे नाहीसा होत नाही. संहितेनेही हे काही अंशी मानले आहे: 2015 पासून दोषी ठरलेला खेळाडू अल्पवयीन असेल, किंवा एकाच प्रशिक्षकाच्या अथवा साहाय्यकाच्या हाताखालचे एकाहून अधिक खेळाडू दोषी आढळले असतील, तर त्या प्रशिक्षकाची, डॉक्टरची, साहाय्यकाचीही चौकशी बंधनकारक झाली आहे.