मनोराज्यातला वाडा

दुपारची वामकुक्षी संपता संपता, अर्धवट जागेपणी माझे एक मनोराज्य सुरू होते. इंदूरचा हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून मी बडोद्याला, माझ्या माहेरगावी, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात दोन खोल्या घेऊन राहायला गेले आहे. छत कडीपाटाचे आहे, भिंतीत देवळी आहे, रस्त्याच्या अंगाला लाकडी सज्जा आहे. सकाळी रावपुऱ्यातून भाजी आणावी, संध्याकाळी सूरसागराला फेरी घालावी, वाटले तर लहरीपुरा दरवाजातून मांडवीपर्यंत चालत जावे, असा दिनक्रम. या मनोराज्यात माझे गुडघे दुखत नाहीत. तिथे गॅसचा सिलिंडर जिन्याने वर न्यावा लागत नाही, आणि पावसाळा तर येतच नाही.

सत्तरी ओलांडलेल्या बाईने मनाशी असा खेळ खेळला तर त्यात कोणाचे काय जाते, असे मला परवापरवापर्यंत वाटत असे. आता तसे वाटत नाही.

ही ओढ अगदीच निराधार आहे असे मात्र म्हणवत नाही. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती आले. त्यांच्यामागोमाग आलेल्या शिलेदार, कारकून, भिक्षुक अशा कुटुंबांनी तिथे केवळ घरेच बांधली नाहीत, तर जगण्याची एक रीत उभी केली. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आजही ती रीत दाखवतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांच्या या घराच्या भिंतींवर महाभारतातले प्रसंग, कृष्णलीला आणि इंग्रज-मराठ्यांची लढाई अशी चित्रे शेजारी शेजारी नांदतात. १९०६ मध्ये सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे व मोफत केले. माझ्या आजीला पोथी वाचता येत होती, ती त्या कायद्याची पुण्याई. अशा गावाची आठवण गोड असणारच.

परंतु या ओढीचे निदान विचारवंतांनी फार पूर्वी करून ठेवले आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घराच्या ओढीला रोगच मानले आणि 'परतणे' व 'वेदना' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव घडवले. पुढे इमॅन्युएल कान्टने १७९८ च्या आपल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात या रोगावरचा उतारा सांगितला. असा माणूस प्रत्यक्ष गावी गेला की निराश होतो आणि बरा होतो. गाव पालटले असे तो म्हणतो. वस्तुतः त्याला तिथे आपले तारुण्य परत मिळालेले नसते.

कान्टचे म्हणणे मला पटते, पण पुरते नाही. त्याच्या दृष्टीने फसतो तो मनोराज्य करणारा एकटाच. मला प्रश्न पडतो तो इतरांचा: माझ्या स्वप्नात जे लोक खरोखर राहत आहेत, त्यांचे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्याच्या माजघराचा कडीपाट एका बाजूने खचला. खांबांना वाळवी लागलेली होतीच. माझ्या वहिनींना आता जिना चढवत नाही. दिवाळीत भाच्याचा फोन आला, "आत्या, वाडा उतरवून नवीन बांधायचे ठरवतो आहोत." मी ताडकन म्हणाले, "अरे, आजोबांची वास्तू ती! असा कसा उतरवता?" तो क्षणभर थांबला. मग आवाज न चढवता म्हणाला, "मग तू येतेस का राहायला? वरची खोली रिकामीच आहे."

ज्या गोष्टीचे मनोराज्य मी वर्षानुवर्षे केले, ती माझ्यापुढे आयती ठेवली गेली होती. मी गुडघ्यांचे कारण सांगितले.

फोन ठेवल्यावर मला आठवले ते हक्कसोडपत्र. वडील गेल्यानंतर मी त्यावर आनंदाने सही केली होती. भावासाठी मी त्याग केला, अशीच माझी समजूत होती. पण त्या सहीबरोबर मी कौले परतवणे, गळती काढणे, कराची पावती, वाळवीचे औषध हे सारेही सोडले होते. हक्क सोडला, भार सोडला, आणि फक्त मत तेवढे राखून ठेवले.

यावर कोणी म्हणेल की असा विचार केला तर जुने काहीच उरणार नाही. पेठ ही केवळ घरमालकांची नसते. हे खरे आहे. पण मग जतनाची इच्छा आणि जतनाचा भार यांची वाटणी एकत्रच झाली पाहिजे. तांबेकर वाडा टिकला आहे, कारण पुरातत्त्व खात्याने त्याचे ओझे उचलले. ज्याला वाटते त्याने पैसा द्यावा, वेळ द्यावा, निदान चार पावसाळे त्या छताखाली काढावेत. यांतले काहीच न करता दुसऱ्याने अडचणीत राहावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे आपल्या आठवणींचे भाडे त्याच्याकडून वसूल करणे होय.

शिवाय, आपले पूर्वजही कुठले तरी घर मागे टाकूनच इकडे आले. कोकणातल्या वा देशावरच्या त्या गावी आपण कुलदैवताला जातो. त्या घराचे पुढे काय झाले याची चौकशी आमच्या कुटुंबात कोणी केल्याचे मला आठवत नाही. त्यांनी ते सोडले म्हणूनच बडोद्याचा वाडा उभा राहिला.

मी भाच्याला फोन करून माझे शब्द मागे घेतले. उतरवण्याआधी वाड्याची मोजमापांसह रेखाटने आणि छायाचित्रे करून घ्यावीत, त्याचा खर्च मी देईन, एवढीच विनंती केली. माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या करायला मी स्वतः आठ दिवस जाणार आहे.

दुपारचे मनोराज्य अजून सुटलेले नाही. परवा मात्र त्यात प्रथमच वहिनी दिसल्या. जिन्याच्या तळाशी, कठडा धरून, वर पाहत उभ्या होत्या.