आपले गुण आपणच सांगावे काय?

वणी, पुसद, दारव्हा अशा ठिकाणी शिकून अमरावती विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या पुष्कळ मुलांस मुंबई-पुण्यात ओळखीचे कोणी नसते. पूर्वी अशा मुलास कोणा थोर गृहस्थाची चिठ्ठी लागे. आता २००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनसारख्या समाजमाध्यमावर तो आपले शिक्षण व काम स्वतः लिहून दूरच्या मालकापुढे ठेवू शकतो. परंतु कित्येक वडील माणसे आम्हांस विचारितात की, आत्मस्तुती करणे सज्जनास शोभते काय?

ही शंका पोकळ नव्हे. तथापि सांगणे निराळे व मिरविणे निराळे. नव्या गावी आलेल्या सुताराने आपण काय घडविले हे सांगितलेच नाही, तर त्यास काम कोण देईल? मौन म्हणजे नेहमीच नम्रता असे नाही. पुष्कळदा ती केवळ भीती असते.

खरा धोका पुढेच आहे. चौघांनी केलेले काम एकजण आपल्याच नावावर लिहितो. महिन्याची उमेदवारी सहा महिन्यांची करितो. आणि "सगळेच असे करितात," असे म्हणतो. आमच्या जिल्ह्यात कापसावर पाणी मारून वजन वाढविणारा मनुष्यही हेच म्हणत असतो. पण १२ टक्क्यांहून अधिक ओलावा निघाल्यास भारतीय कापूस महामंडळ तो कापूस हमीभावाने घेत नाही. यंत्र लाविले की लबाडी उघडी पडते. पदवी खरी की खोटी हेही विद्यापीठाच्या नोंदीवरून पडताळता येते. मात्र चौघांपैकी कोण किती रात्री जागला, हे मोजणारे यंत्र नाही. तेथे आपली विवेकबुद्धी हीच काय ती साक्षीदार.

शिवाय खोट्या ओळीने एकट्या मालकाचीच फसवणूक होते असे नव्हे. ज्याने खरे तेवढेच लिहिले, त्या दुसऱ्या उमेदवाराची जागा ती हिरावून घेते. आणि तोही कदाचित आपल्यासारख्याच कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा असतो.

म्हणून आमचे विद्यार्थ्यांस सांगणे इतकेच की, संकोच सोडून लिहा. पण प्रसिद्ध करण्यापूर्वी ती ओळ आपल्या सोबत्यांस वाचून दाखवा. त्यांनी होकार दिला तर ती राहू द्या. त्यांनी मान खाली घातली तर खोडा. ज्यांनी हात लाविला त्यांचा वाटाही त्यांस विचारून नमूद करा. अशाने नोकरी कदाचित उशिरा लागेल; परंतु लागल्यावर आपलेच लिहिलेले कोणी वाचील की काय, अशी धास्ती राहणार नाही.