हळदी रंगाचा ठिपका

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी मी शनिवार पेठेत एका मैत्रिणीच्या गच्चीवर ट्रायपॉड लावून उभी होते. इमारत चार मजली. खाली ओंकारेश्वराकडे जाणारा रस्ता, एका अंगाला देवळाचं शिखर, पलीकडे मुठेच्या काठाने गेलेला मेट्रोचा पूल. दुपारभर पडून पाऊस उघडला होता, रस्ता ओला होता आणि त्यावर तिरपं ऊन आलं होतं. सोमवार म्हणून बेल-फुलं घेऊन निघालेल्यांची रीघ, त्यातच कामावरून परतणाऱ्या गाड्या. दर पंधरा सेकंदांनी एक अशा मी 40 फ्रेम घेतल्या. दहा मिनिटांचं काम.

कॅमेऱ्यावर भाड्याने आणलेली 45 मिलिमीटरची टिल्ट-शिफ्ट लेन्स होती. ही जात मला नवी नाही. जुन्या वाड्यांचे फोटो काढणं हे माझं बावीस वर्षांचं काम. वाडा उतरवायचा ठरला की त्याआधी कुणीतरी बोलावतं, आणि मी चौक, ओटी, तुळया, महिरपी टिपून ठेवते. बोळ आठ फुटांचा आणि वाडा तीन मजल्यांचा असला की कॅमेरा वर उचलावा लागतो, आणि उचलला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. शिफ्टमध्ये कॅमेरा सरळच ठेवायचा आणि नुसतं भिंग वर सरकवायचं. मग खांब जसे आहेत तसे ताठ उभे राहतात. इतकी वर्षं मी या लेन्सचा हा एकच गुण वापरत आले होते. टिल्टच्या वाटेला गेले नव्हते.

टिल्टमध्ये भिंग कलतं करतात. एरवी भिंग सेन्सरला समांतर असतं, म्हणून समोरचा फोकसचा पडदाही समांतर. भिंग कलवलं की तो पडदाही कलतो, आणि भिंग, सेन्सर व फोकस यांची तिन्ही प्रतलं एका रेषेत मिळतात. ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या थिओडोर शाइमप्फ्लुगने 1904 मध्ये या तत्त्वावरचं पेटंट घेतलं. त्याला हवेतून घेतलेले वाकडेतिकडे फोटो सरळ करून त्यांवरून बिनचूक नकाशे बनवायचे होते. म्हणजे ही युक्ती निघाली ती जमीन खरी दिसावी म्हणून. तीच उलट्या बाजूला कलवली की खरी जमीन खोटी दिसते. फोटोच्या मधला एक पट्टा धारदार राहतो, वरचं-खालचं सगळं विरघळतं आणि रस्ता, बस, माणसं शोकेसमधल्या खेळण्यांसारखी होतात.

असं का होतं, हे कळायला घरातली गणपतीची मूर्ती पुरे. वीतभरावरून तिचा फोटो काढा. सोंड स्पष्ट आली तर कान धूसर येतात. सिंहगडाचा पुण्यातून काढलात तर सगळा डोंगर सारखाच स्पष्ट. हा हिशेब आपल्या मेंदूला पाठ आहे. पुढे-मागे धूसर आणि मध्ये पातळसा काप स्पष्ट दिसला की वस्तू हाताशी आहे असं तो धरून चालतो. आणि इतक्या जवळ असून एवढीशी दिसते, म्हणजे ती मुळात चिमुकलीच असणार. बर्कलीच्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपासून मांडलं की नुसत्या धूसरपणाने पाहणाऱ्याचा अंतराचा आणि आकाराचा अंदाज बदलतो. इटलीच्या ओलिवो बार्बिएरीने त्याच्याही आधी हेलिकॉप्टरमधून रोमसारखी शहरं अशी टिपली होती. ते फोटो पाहूनच मला हे करावंसं वाटलं होतं.

रात्री फोटो संगणकावर उघडले आणि मी हरखले. रिक्षा आगपेटीएवढ्या. बस जणू चावीची. ओंकारेश्वराचं शिखर शेवग्याच्या फुलाएवढं नाजूक. गच्चीवर असताना धारदार पट्टा कुठे ठेवावा याचा मी बराच विचार केला होता. कोपऱ्यावर एक हळदी रंगाचा ठिपका होता, हलत नव्हता, राखाडी रस्त्यावर तोच तेवढा रंग. मी फोकस त्यावर धरला. पडद्यावर तो ठिपका मोठा करून पाहिला. हळदी साडीतली एक बाई, हातात कापडी पिशवी. आणखी मोठा केला.

ती आई होती.

वय 78. दर सोमवारी ती ओंकारेश्वराला जाते, रस्ता ओलांडते आणि परत येते. 40 पैकी 26 फ्रेममध्ये ती त्याच कोपऱ्यावर उभी आहे. साडेसहा मिनिटं. काहींत एक पाऊल पुढे, पुढच्याच फ्रेममध्ये पुन्हा मागे. गाड्या थांबत नव्हत्या. तीन फ्रेममध्ये तिचा हात वर आहे आणि चेहरा गच्चीकडे. मी त्या वेळी तिच्यावरच फोकस धरून उभी होते. सगळ्या फोटोत तीच सर्वांत स्पष्ट होती आणि मी तिला ओळखलं नव्हतं.

सकाळी चहा करताना तिला विचारलं. ती म्हणाली, "हो, दिसलीस की. दुपारी म्हणाली नव्हतीस का वर असशील म्हणून? मी हात केला तुला. म्हटलं, बघितलं असेल, येईल खाली."

मी काहीच बोलू शकले नाही. ती चहा गाळत राहिली.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. लहानपणी चुलीजवळच्या डब्यातला लाडू उचलला की आई म्हणायची, देव वरून बघतोय. वरून म्हणजे कसा? मी पाहिलं तसा? त्याचा फोकस नेमका आपल्यावर असेल, आपण हात वर केलेला असेल, आणि तरी त्याला दिसत असेल एक सुरेख, न हलणारा ठिपका? देव नाही म्हणणाऱ्यांचं मला कधी भय वाटलं नाही. या शक्यतेचं मात्र वाटलं.

वेदान्तात अविद्येच्या दोन शक्ती सांगतात, आवरण आणि विक्षेप. जे आहे ते आधी झाकलं जातं आणि झाकलेल्या जागी नसलेलं उभं राहतं. अंधाराने दोरी झाकली की तिथे साप दिसू लागतो. कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या रात्री ते माझ्या पडद्यावर होतं. वरचा-खालचा धूसर पट्टा हे आवरण, आणि खेळण्यातली बाई हा विक्षेप. फोटोत मी नवीन काहीही घातलेलं नव्हतं, फक्त थोडं झाकलं होतं. बाकीचं पाहणाऱ्याच्या मनाने केलं.

पण दोरीचा साप दिवा लावताच जातो. माझ्या फोटोतलं खेळणं, ती आई आहे हे कळल्यावरही गेलं नाही. मी पुन्हा पाहिलं, पुन्हा खेळणंच दिसलं. याचंही उत्तर आपल्या शास्त्रकारांनी देऊन ठेवलंय. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो. तो लाल नाही हे पक्कं ठाऊक असलं तरी लालच दिसत राहतो, जास्वंद उचलेपर्यंत. अशा भ्रमाला सोपाधिक म्हणतात. तिथे कळणं पुरत नाही, काहीतरी उचलून बाजूला ठेवावं लागतं. माझी जास्वंद होती ती गच्ची. आई मला तिच्या मापाची दिसायची असेल तर चार जिने उतरण्याला पर्याय नव्हता.

उंचीच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण तिचं सुख मी अनुभवलंय. मनात कालवाकालव असली की मी पर्वतीच्या पायऱ्या चढते. वरून पेठा दिसतात, त्यात आपलं घर शोधावं लागतं आणि आपली काळजीही तेवढीच होऊन जाते. हे खोटं नाही. पण तिथे मी लहान पाहत असते ती स्वतःला. तोच डोळा दुसऱ्यावर लावला, त्याचं दुःख एवढंसं आहे असं ठरवलं, की पाप सुरू झालं. पाप हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

पर्वतीचं नाव काढलं तेव्हा आईने पानशेतचं सांगितलं. 12 जुलै 1961. धरण फुटलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि त्यांचं बिऱ्हाड याच पेठेत, नदीकडच्या अंगाला होतं. मामाने तिला आणि धाकट्या भावाला ओढत पर्वतीवर नेलं. तिचे वडील देव आणायला म्हणून मागे फिरले. ती म्हणते, वरून सगळं दिसत होतं. पाणी दिसत होतं, पाण्यात उभी छपरं दिसत होती. ताटात मांडल्यासारखं शहर, आणि त्या ताटात कुणीतरी तांब्या उपडा केलेला. "सगळं दिसत होतं गं, पण चेहरा कुणाचा दिसत नव्हता. अण्णा त्यात कुठे आहेत ते काही कळेना." अण्णा संध्याकाळी आले, छातीपर्यंत चिखलाने माखलेले, धोतराच्या सोग्यात देव बांधलेले. वाड्याच्या मातीच्या भिंती बसल्या होत्या.

त्या देवांतला बाळकृष्ण आज आमच्या देव्हाऱ्यात आहे. पितळी, रांगता, दोन बोटं उंच. आई त्याला रोज न्हाऊ घालते, पुसते, थंडीत अंगावर लोकरीचा तुकडा टाकते. लहानपणाचा हा दुसराच प्रकार आहे. गच्चीवरून मी हाडामांसाच्या माणसाला खेळणं केलं आणि माझ्याकडून त्याचं काही करायचं उरलं नाही. देव्हाऱ्यात विश्वाचा धनी दोन बोटांचा झाला आणि आईला रोजचं काम लागलं. सोलापूरला मावशीकडे जायचं तरी आधी त्याची सोय.

पेठेतली मुलं दिवाळीत किल्ला करतात त्यातही मला हेच दिसतं. पोतं, विटा, चिकणमाती, वर अळीव पेरलेलं. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. शिवाजी महाराजांची मूर्ती अशी की स्वतःच्या महादरवाजातून त्यांना आत जाता यायचं नाही. ते पाहून मोठी माणसं म्हणतात, प्रमाण चुकलं. काहीही चुकलेलं नाही. मुलाने माप प्रेमाने घेतलंय, ज्याला जेवढं मानलं तेवढं त्याला मोठं केलं.

अर्जुनाची गोष्ट मला या दिवसांत नव्याने कळली. गीतेच्या अकराव्या अध्यायात तो विश्वरूप पाहायला मागतो आणि त्याला ते दिसतं. त्या दृष्टीतून भीष्म, द्रोण, कर्ण, सगळे योद्धे ज्योतीवर झेपावणाऱ्या पतंगांसारखे दिसतात. आजोबा पतंगाएवढे, गुरू पतंगाएवढे. वरून पाहणं याच्यापेक्षा जास्त कुणाला लाभलं असेल? आणि अर्जुन ते पाहून सुखावत नाही. तो थरथरतो, आजवर तुला मित्र समजून हाका मारल्या त्याची क्षमा कर म्हणतो, आणि मग मागतो काय, तर पहिलं रूप. कृष्ण त्याला तिथेच ठेवत नाही. तो पुन्हा माणसाच्या मापाचा होतो, आणि तेव्हा कुठे अर्जुन भानावर येतो. पुढची लढाई कृष्णाने सारथ्याच्या जागेवरून, घोड्यांचे लगाम धरून पाहिली.

आपल्या पंढरीचा देवही आकाशात नाही, विटेवर उभा आहे. वीट म्हणजे किती उंची? चार बोटं. त्याच्या पायांवर डोकं टेकवता येतं, तो माणसाच्या टप्प्यात आहे. ओंकारेश्वराच्या गाभाऱ्यात पिंडीवर पाणी घालायचं तर वाकावं लागतं, देव आपल्याहून खाली असतो. वरून पाहणारा देव मला माझ्या आईच्या धाकापलीकडे कुठेच सापडला नाही. जो उतरतो त्यालाच आपण अवतार म्हणतो, त्या शब्दाचा अर्थच उतरणं. नुसता वरून पाहणारा, सर्व काही स्पष्ट दिसणारा पण खाली न येणारा कुणी असलाच, तर त्याला मी नमस्कार करणार नाही. त्याची नजर कशी असते ते मी जाणते. दहा मिनिटं ती माझी होती.

मी 39 फ्रेम पुसून टाकल्या. एक ठेवली, हात वर केलेली. लेन्स परत केली. आता सोमवारी साडेसहाला मी आईबरोबर जाते. तिचा हात धरून त्या कोपऱ्यावर उभं राहिलं की कळतं, चार मजल्यांवरून आगपेटीएवढी दिसणारी रिक्षा अंगावर येते तेव्हा केवढी असते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसले गेले आहेत. त्या वेळी तिथे आईसारख्या पाच-सहा जणी तरी उभ्या असतात, हातात बेलाची पिशवी, नजर गाड्यांवर.

सोमवारी संध्याकाळी ओंकारेश्वराच्या रस्त्याने जाणार असाल तर त्या कोपऱ्यावर गाडी थांबवा. त्या साऱ्या जणी पलीकडे पोहोचेपर्यंत थांबा.