आवाज मंडपाचा, पुरावा शेजाऱ्याचा

मिरवणुकांतल्या कर्कश आवाजाचा विषय निघाला, की 'कायदा कडक हवा' यावर सगळ्यांचं एकमत होतं. कायद्यात तसं काही कमी नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. (ही सवलत वेळेची आहे, डेसिबलची नाही, मंडळं तेवढं सोयीस्करपणे विसरतात.) घोडं अडतं ते दुसरीकडेच. मर्यादा पाळल्याचं दाखवून देण्याची जबाबदारी आवाज करणाऱ्यावर नाही. ती मोडली, हे दाखवून देण्याचा भार ज्याची झोप उडाली त्याच्यावर आहे. ही रचना उलटी केल्याशिवाय तक्रारींची नवी सोय कितीही केली, तरी आवाज उतरणार नाही.

तक्रारीचं प्रत्यक्षात काय होतं ते पाहावं. रात्री साडेदहाला कुणीतरी ११२ ला फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो तो नाव-पत्त्याचा. अर्ध्या तासाने बिट मार्शल येतात, कार्यकर्त्यांशी दोन शब्द बोलतात, आवाज खाली येतो. मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली, की बेस पुन्हा छातीत घुमू लागतो. गुन्हा नोंदवायचा तर डेसिबल मीटर हवा, पंच हवेत, पंचनामा हवा. आणि ज्या रात्री हे सगळं करायचं, त्याच रात्री अख्खं पोलीस ठाणं बंदोबस्तावर असतं. शिवाय आवाज हा असा अपराध आहे, की थांबला की त्याचा मागमूस उरत नाही. बेकायदा बांधकाम दुसऱ्या दिवशीही जागेवर असतं. आवाजाचं तसं नाही. उरतो तो तक्रारदार, आणि तो कोण असावा याचा अंदाज गल्लीला बरोबर असतो. पुढच्या वर्षी वर्गणीची पावती फाडायला तीच मुलं त्याच्या दारात उभी राहणार असतात.

महापालिकेकडे जावं तर 'हा पोलिसांचा विषय' असं उत्तर मिळतं. कागदोपत्री ते बरोबरही आहे. मंडपाची परवानगी पालिका देते, ध्वनिक्षेपकाची पोलीस देतात, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ मोजमाप करून अहवाल काढतं. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या जनहित याचिकेवर २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंडप आणि आवाज या दोन्हींबद्दल पालिका आणि पोलिसांना तपशीलवार आदेश दिले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, की तक्रारदाराची ओळख विचारू नका, आणि ध्वनिक्षेपकातच डेसिबलची मर्यादा बसवण्याचा विचार करा. निनावी तक्रारीची मुभा बातम्यांत जास्त गाजली. खरी किल्ली मात्र दुसऱ्या सूचनेत आहे, कारण तिथे तक्रारदाराची गरजच संपते. परवानगी मागायला मंडळ स्वतःच्या पायांनी खिडकीवर येतं, तेव्हाच भाड्याच्या यंत्रणेला लिमिटर लावून सील करावं, अनामत घ्यावी, मंडपाच्या हद्दीवर नोंद ठेवणारा मीटर बसवावा आणि पुढच्या वर्षीची परवानगी त्या नोंदीशी बांधावी. मोजण्याचं तंत्र इथे नाही असं नाही. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीचा आवाज सीओईपी हे तंत्रज्ञान विद्यापीठ वर्षानुवर्षं मोजतं आणि सरासरी अनेकदा शंभर डेसिबलच्या आसपास निघते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर नियमाने ७५ च्या वर कुठेच जाता येत नाही. फरक २५ चा दिसतो, पण डेसिबलची मोजपट्टी दर दहाला दसपट चढते. म्हणजे ध्वनीची तीव्रता तीनशेपटींहून जास्त होते. आकडा दरवर्षी छापून येतो, आणि पुढच्या वर्षीच्या परवानगीशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

'वर्षातून एकदाच तर असतं' हा आक्षेप जुना आहे आणि सर्वांत कच्चा. गणपती, दहीहंडी, नवरात्र, जयंत्या, उरूस, लग्नाच्या वराती, नेत्यांचे वाढदिवस; प्रत्येकाचं वर्षातून एकदाच असतं, शेजाऱ्याचं मात्र वर्षभर चालतं. 'आमच्याच सणांवर डोळा' ही तक्रार अधिक गंभीरपणे घ्यायला हवी, कारण निवडक कारवाई होते हा अनुभव सर्वच बाजूंचा आहे. पण न्यायालयांचं दप्तर वेगळं सांगतं. सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल तमिळनाडूतल्या एका चर्चबाबत होता, मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल मुंबईतल्या मशिदींच्या भोंग्यांबाबत, आणि बेडेकरांची याचिका मुख्यतः उत्सवांबाबत. तत्त्व तिन्हीकडे एकच. निवड होते ती अंमलदाराच्या पातळीवर, कारण तिथे कुणाची तक्रार उचलायची हे माणूस ठरवतो. परवानगीची अट सर्वांना सारखी असेल, तर पक्षपाताचा आरोप करायलाही जागा कमी राहील.

उरतो पोटापाण्याचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. साऊंडवाल्याने कर्ज काढून टॉप-बेस घेतलेले असतात. पण तो ही स्पीकरची भिंत हौसेने वाढवत नाही. शेजारच्या मंडळाकडे जास्त बॉक्स आले म्हणून यंदा आपल्याकडे त्याहून जास्त हवेत, असा आग्रह गिऱ्हाईकाचा असतो. नाही म्हटलं तर सुपारी दुसऱ्याला जाते. जप्ती आली की सामान त्याचं अडकतं, मंडळाचा अध्यक्ष मोकळा राहतो. शहरातल्या प्रत्येक यंत्रणेला एकाच आकड्याचं सील असेल, तर आठ बॉक्स लावणारा आणि चाळीस लावणारा हद्दीवर सारखाच ऐकू येईल, आणि उरलेल्या बत्तीस बॉक्सचं कर्ज काढायला त्याला कुणी भाग पाडणार नाही.